लाल गाडीखालचा तेलाचा डाग

या मित्रांनो, असे जवळ या. दाराशी ताटकळत उभे राहू नका, सतरंजी मोठी आहे, जरा पुढे सरका. कीर्तनाला उशिरा आलेल्यालाही कोणीतरी मांडी आवरून जागा करून देतेच, तशी इथेही होईल. आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एका बाईने भर मंडपात दिलेला एक शब्द आहे आणि तो पाळायला निघालेली एक जुनी गाडी आहे. शेवटपर्यंत बसा मात्र. ही गोष्ट अर्धी ऐकली तर वेगळी होते, पुरी ऐकली तर वेगळी.

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. तुम्ही गाडीत बसता तेव्हा चाके पाहता, दिवे पाहता, भोंगा वाजवता. मला कोणी पाहत नाही. दोन सीटच्या मधे जो उंचवटा असतो ना, त्याच्या आत, अंधारात मी असतो. इंजिन जोर लावते, चाके पळतात, आणि त्या दोघांमधली बोलणी मी करतो. चढ आला तर दमाने घ्या, सपाट आले तर सुटा, एवढेच माझे काम. टाळकरी पुढे धावू लागले तर मृदंगवाला त्यांना ठेक्यात कसा धरून ठेवतो, तसेच समजा.

माझा जन्म फार दूरच्या, थंड गावी झाला. तिथे दुपारी तीनलाच दिवे लावावे लागत. वितळलेले बिडाचे लोखंड साच्यात ओतून माझे अंग केले, पोटात चार गिअर बसवले, तेल भरले आणि एका लाल गाडीच्या कमरेत मला अडकवले. ती शर्यतीच्या हौसेने बनवलेली गाडी होती. उघड्या टपाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. जहाजाने आम्ही मुंबईला आलो आणि तिथून कारंज्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे. त्याच्या तरुणपणी आम्ही खूप पळालो. लोक रस्त्याच्या कडेला थांबून वाहवा करायचे. मग व्यापारी म्हातारा झाला आणि आमच्यावर ताडपत्री पडली.

एकोणीस वर्षे मी त्या गोदामात होतो. उंदरांनी सीट खाल्ली. कोंबडीने टपाच्या घडीत अंडी घातली. सुरुवातीला मला वाईट वाटायचे. नंतर काहीच वाटेनासे झाले. कोणी दार उघडले तरी मी आशा करत नसे. तेल तळाशी बसून खळीसारखे घट्ट झाले होते आणि मीही तसाच झालो होतो.

मला तिथून बाहेर काढले ते इंझोरीच्या रंगरावांनी. रंगरावांनी आयुष्यभर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको अंजनाबाई गावाबाहेरच्या तुकड्यात वांगी, भेंडी, मेथी लावत आणि बाजाराला नेत. एकदा कारंज्याला वांगी पोचवायला गेले असता त्यांनी ताडपत्रीखालून डोकावणारा लाल मडगार्ड पाहिला. व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, घेऊन जा काका, जागा तरी मोकळी होईल. रंगरावांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली.

अंजनाबाई दारातच उभ्या होत्या.

"हे काय आनलं वो?"

"गाडी."

"हे गाडी होय? मले वाटलं कोनाची फुटकी चूल उचलून आनली." मग त्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "किती जन बसतात?"

"दोन."

"मंग बेबी कुठं बसन?"

बेबी म्हणजे बेबीबाई, शेजारीण. अंजनाबाईंची भजनातली जोडीदारीण. मित्रांनो, त्या दोघींना कीर्तनाचे वेड होते, आणि मला वाटते जगात वेड असावे तर असे असावे. आसेगावला सप्ताह असो की मंगरूळपीरला एक दिवसाचे कीर्तन असो, त्या जाणारच. रंगरावांनी अकरा महिने खपून गाडी उभी केली ती खरे तर त्यासाठीच. रंगराव चालवायला, अंजनाबाई शेजारी, आणि बेबीबाई मधल्या उंचवट्यावर गोधडीची घडी टाकून. म्हणजे माझ्या पाठीवर. वजनदार बाई. खड्डा आला की त्या "विठ्ठल विठ्ठल" म्हणत आणि मी मुकाट्याने गिअर बदलत असे.

सगळ्या पंचक्रोशीत आमचे नाव "बसकी" पडले. मंडपाच्या मागे, बाभळीखाली बसकी उभी राहायची. मी गरम अंगाने निवत पडायचो आणि तिकडून मृदंग ऐकू यायचा. बुवा नमन आटपून आख्यानाला आले की मंडपात अशी शांतता व्हायची की माझ्या पोटातले तेल थेंब थेंब खाली उतरताना मला ऐकू येई. अंजनाबाई टाळ धरून पहिल्या रांगेत. बुवांच्या घशासाठी पदराच्या गाठीत लवंग आणि खडीसाखर. इतकी लोखंडे मी पाहिली, पण ज्याच्या कानी वरचेवर देवाचे नाव पडते असे लोखंड मीच.

त्यांच्या आवडीचे बुवा म्हणजे जऊळक्याचे नानाजी. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी कीर्तन करणे सोडले होते. जीपमध्ये अंग मोडते, बसमध्ये चढवत नाही, आता घरीच नाव घेतो, असे ते म्हणायचे. एका चैत्रात इंझोरीच्या सप्ताहाला ते कसेबसे आले आणि काल्याचे कीर्तन संपताना म्हणाले, "हे आखरीचं. आता माही वाट नोका पाहू."

तेव्हा अंजनाबाई भर मंडपात उठून उभ्या राहिल्या.

"नानाजी, पुढच्या चैत्रात तुमी येसाल. आमच्या बसक्या गाडीत बसवून आनतो तुमाले. पाय वर उचलाचं कामच नाई. हा माहा शब्द हाये."

नानाजी हसले. "बरं मायबाई. येईन त त्याच गाडीत येईन. नाई त नाई."

सगळा मंडप साक्षीला होता.

त्या वर्षी पावसाळ्यात माझे एक बेअरिंग आवाज करू लागले. रंगरावांनी मला गाडीतून काढले, बेअरिंग बदलले आणि दसऱ्यानंतर परत बसवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी तेल गाळू लागलो. आधी एक थेंब. मग ताटलीएवढा डाग. अंजनाबाई म्हणाल्या, "म्हतारा झाला तुमचा गिअरबॉक्स. लाळ गायते."

मला आतून कोंडल्यासारखे व्हायचे. पोटात काहीतरी फुगते आहे, वाट शोधते आहे आणि सापडेल तिथून तेलाला बाहेर ढकलते आहे, एवढे कळे. का, ते कळत नसे.

पौषात अंजनाबाईंना ताप आला. तीन दिवस दवाखान्यात होत्या. चौथ्या दिवशी रंगराव एकटे परत आले.

मित्रांनो, इथे रडण्याचे वर्णन यायला हवे. पण रंगराव रडले नाहीत. दहावा झाला, तेरावा झाला, मुलगी उज्ज्वला पुण्याहून आली आणि गेली. जाताना म्हणाली, बाबा, चला माझ्याकडे. ते म्हणाले, हं. मग ती म्हणाली, येता का नाही? ते पुन्हा म्हणाले, हं. दोन्ही हं सारखेच होते. त्यांनी वांग्यांना पाणी दिले, मेथी उपटली, जेवले, निजले. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन चालू असते पण चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. तसे त्यांचे झाले होते, आणि मी त्याला हसू शकत नव्हतो, कारण गोदामातली माझी एकोणीस वर्षे मला आठवत होती.

रोज सकाळी ते माझ्याखाली ठेवलेली ताटली काढत. तिच्यातले तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळत आणि परत माझ्यात ओतत. असे तीन महिने.

मग फाल्गुन सरत आला. सप्ताहाचे पत्रक छापून आले. त्यावर काल्याच्या कीर्तनापुढे नानाजींचे नाव होते. रंगरावांनी ते पत्रक बराच वेळ हातात धरले आणि दुपारी सेवालालला बोलावून आणले.

सेवालाल तांड्यावरचा. ऊसतोडीला जायचा तेव्हा फडावरच्या ट्रॅक्टरांच्या खाली घुसून घुसून मेकॅनिक झालेला माणूस. आता फाट्यावर निंबाखाली त्याचे दुकान आहे. बडबड्या, पण हात अतिशय शांत.

"काका, जऊळका जाऊन-येऊन शंभराच्या वर होते," तो म्हणाला. "हा असा गयत राह्यला त अर्ध्या वाटंत कोरडा पडन. मंग दाते दात्याले खातीन, अन् नानाजी बसतीन रस्त्यावर."

"नीट कर."

"दुसरी गाडी सांगू का? माह्या भावाची हाये, एसी हाये."

"तिचा शब्द हाये," रंगराव म्हणाले. तीन महिन्यांत त्यांनी बोललेले हे सर्वांत लांब वाक्य होते.

सेवालालने मागचे ऑइल सील बदलले. शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे तेल अडवायला रबराचे कडे असते, ते. नवे कडे बसवले, तरी मी गळलो. मग त्याने जाड कागद माझ्या कडांवर ठेवून, हातोडीने हलके ठोकून, सांध्यात घालायचे नवे गॅसकेट कापले. तरी मी गळलो. मग शाफ्टच घासून आरशासारखा केला. आता गाडी उभी असली की मी कोरडा. आसेगावच्या रस्त्याने एक फेरी मारून आलो की पुन्हा डाग.

"थंडा असला की साधू, गरम झाला की गयते," सेवालाल कपाळाला हात लावून म्हणाला. "माह्या सासऱ्यावानी हाये हा."

रंगराव हसले नाहीत.

काल्याला चार दिवस उरले होते. त्या दिवशी फेरीवरून आल्या आल्या, मी गरम असतानाच, सेवालालने तेल बघायला माझ्या पोटाचा बोल्ट सैल केला. फुस्स करून हवा सुटली आणि तेलाची चिळकांडी त्याच्या मिशीवर बसली. तो तोंड न पुसता तसाच बसून राहिला.

"याच्यात हवा भरली हाये, काका. यानं श्वास कुठून घ्यावा?"

मित्रांनो, प्रत्येक गिअरबॉक्सच्या टाळूवर एक छोटी टोपी असते आणि तिला बारीक भोक असते. मेकॅनिक त्याला ब्रीदर म्हणतात. पळताना पोटातली हवा तापते, फुगते आणि त्या भोकातून निघून जाते. भोक बुजले तर हवा तेलाला ढकलते, आणि कितीही नवी सीले घाला, तेल बाहेर येणारच. सेवालालने सीटमधला पत्रा काढला, डोके आत घातले आणि हाताने चाचपले. मग त्याचा हात थांबला.

"काका, हे काय हाये याच्या टाळूवर? दगडावानी झालं."

रंगराव वाकले. टोपीवर आणि टोपीच्या भोवती मळकट केशरी थर होता. जाड, कडक. आणि थराच्या मधोमध एका बोटाची खळगी.

"शेंदूर," रंगराव म्हणाले.

तेव्हा मलाही आठवले. दसऱ्याच्या सकाळी मी अंगणात पोत्यावर उघडा बसलो होतो. सगळ्यांच्या गाड्यांना बाहेरून हार आणि हळदीकुंकू झाले. अंजनाबाई ताट घेऊन माझ्यापुढे बसल्या. म्हणाल्या, "सारे जन गाडीच्या कपाळाले पूजतात. काम त हा पोटातला करते." आणि मारुतीच्या देवळातून आणलेला तेलातला शेंदूर त्यांनी माझ्या सर्वांत उंच जागी, टाळूवर, मनापासून थापला. सर्वांत उंच जागा म्हणजे ती टोपी. आमच्या भागात यंत्राला जीव लावायची हीच रीत आहे. त्यांना भोक माहीत नव्हते, आणि रंगरावांनी पुसले नाही, कारण पूजेचा शेंदूर पुसत नाहीत. मग धूळ बसली, माझ्या उष्णतेने तेल वाळले आणि थराचा दगड झाला.

सेवालालने हात मागे घेतला, पँटीला पुसला आणि जोडला.

"म्या नाई काहाडत, काका. देवाचा शेंदूर, अन् वरून काकूचं बोट."

"टोपी फिरवून, थरासकट निंघन का?"

"थर लोखंडाले बी धरून हाये. टोपी फिरली की फुटला."

"दुसरं भोक पाड."

"लोखंडाचा बुरादा पोटात पडन. मंग सील नाई, गिअरच बदला लागन. अन् याचे गिअर कुठं भेटतात?"

रंगराव त्या खळगीकडे बघत राहिले. घरात अंजनाबाईंचे लुगडे होते, टाळ होते, फोटो होता. पण बोट नव्हते. बोट एवढ्या एकाच जागी उरले होते.

"राहू दे," ते म्हणाले.

"अन् तेल?"

"गयू दे."

"अन् जऊळका? काकूचा शब्द?"

रंगरावांनी ताटली परत माझ्याखाली सरकवली. सेवालाल पाने-पकडी गोळा करून गेला.

दोन दिवस पत्रा तसाच उघडा होता. रंगराव सकाळी स्टूल घेऊन गाडीपाशी बसत आणि दुपारपर्यंत बसून राहत. शब्द ठेवावा तर बोट पुसावे लागते, बोट ठेवावे तर शब्द जातो. ते विचार करत होते असे मी म्हणणार नाही. ते फक्त बसले होते. माशी आली तरी हाकलत नव्हते. वांग्याला पाणी नव्हते. मीही काही वाटून घेत नव्हतो. गाडी निघाली तर गळेन, नाही तर नाही, एवढेच.

तिसऱ्या दिवशी, काल्याच्या आदल्या सकाळी, बेबीबाई आल्या. सेवालालने त्यांना सांगितले असावे. त्या तरातरा अंगणात शिरल्या, चष्मा नाकावर चढवला आणि काही न विचारता गाडीत वाकल्या.

"कुठं हाये ते बोट?"

रंगरावांनी दाखवले. बेबीबाईंनी पाहिले. बराच वेळ पाहिले, इतका की त्यांचा श्वास माझ्या टाळूवर लागत होता. मग त्या सरळ झाल्या.

"अगाई! भाऊजी, हे त माहं बोट हाये."

"काय?"

"काय काय? माहं. दसऱ्याले मी इथंच होती ना. अंजनाच्या हातात आरतीचं ताट. ते म्हने, बेबे, तूच लाव वो, माहे हात गुतले. म्या लावला थापकन. पाहा ना, हे केवढं जाडं बोट." त्यांनी आपले बोट रंगरावांच्या नाकासमोर धरले. "तिचं होतं का असं? भेंडीवानी होतं तिचं."

रंगरावांनी त्या बोटाकडे पाहिले, मग खळगीकडे. "तिनंच लावला होता. मले आठवते."

"तुमाले काय आठवते? तुमी दारात शेजाऱ्याच्या गाडीले हार बांधून राह्यले होते. पुरुषाले पूजा कोन करते ते कधी दिसलं?"

"खरंच तुमचं?"

"मारुतीच्या पायरीची आन."

मग बेबीबाईंनी पदर कमरेला खोचला.

"अन् दोन दिवसापासून तुमी माह्या बोटापुढं बसून राह्यले! गावात कयलं त काय म्हनतीन लोकं? या वयात बदनाम करता का मले? माहा म्हतारा काठी घेऊन येईन इथं."

रंगरावांच्या घशातून एक आवाज निघाला. अगदी हसू नव्हते ते. थंडीत पहिल्यांदा इंजिन सुरू करताना ते एकदाच घरघरते आणि बंद पडते, तसा.

"बलावा सेवालालले," ते म्हणाले.

सेवालालने डिझेलचा बोळा थरावर ठेवून तो मऊ केला आणि लोखंड न लावता, बाभळीच्या काडीने कपचा कपचा सोडवला. रंगरावांनी भोवती फडके धरले. निघालेला शेंदूर बेबीबाईंनी पळसाच्या पानात गोळा केला आणि म्हणाल्या, देवाचं देवाले देतो. शेवटी सेवालालने बारीक तार भोकात फिरवली.

मी श्वास घेतला. मित्रांनो, सहा महिन्यांनी. फार काही वाटले असे नाही, पण आत जे फुगून बसले होते ते हळूच निघून गेले आणि तेल आपल्या जागी शांत झाले.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताच आम्ही जऊळक्याला गेलो. नानाजी धुतलेले धोतर आणि उपरणे घालून ओट्यावर तयारच होते. त्यांना गाडीत उतरवावे लागले, कारण बसकीत चढायचे नसते, उतरायचे असते.

"रंगराव, हे गाडी हाये का विहीर?" नानाजी सीटमध्ये रुतत म्हणाले. "आत टाकलं खरं, काहाडनार कोन?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "अन् ते लवंगवाली माय नाई आली?"

त्यांना कळवलेले होते. पण म्हातारपणी कळलेले सगळे राहत नाही.

"पौषात गेली, नानाजी."

नानाजींनी उपरणे खांद्यावर सारखे केले. मग म्हणाले, "हाव. सांगतलं होतं मले." आणि दाराची कडी आतून लावत म्हणाले, "चाल मंग. तिनं बलावलं हाये."

वाशीम गेले, मंगरूळपीर गेले. ऊन चढले. मी तापलो, हवा टाळूवरून निघून जात राहिली आणि चारही गिअर लोण्यातून फिरल्यासारखे फिरले. इंझोरीच्या मंडपामागे थांबताच सेवालालने आधीच आणून ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद माझ्याखाली सरकवला. नानाजींना चौघांनी मिळून बाहेर काढले. बायांनी हार घातले. मंडपात कोणीतरी म्हणाले, आली वो, अंजनाची गाडी आली.

नानाजींचे कीर्तन मी पूर्वी अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी आवाज फाटका होता, श्वास पुरत नव्हता, टाळकरीच चरण उचलून धरत होते. तरी मंडपातून एक माणूस उठला नाही. कीर्तन संपले तेव्हा सेवालाल वाकला, कागद उचलला आणि उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. कोरडा. त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

काला वाटला गेला. रंगराव पंगतीत सेवालालच्या शेजारी, बसकीच्या चाकाला टेकूनच बसले. इतके दिवस पानात पडेल ते खाऊन उठणाऱ्या त्या माणसाने मान वर केली आणि वाढप्याला विचारले, "लोनचं हाये का?"

वाढपी पुढे गेला होता, तो परत आला.

गोष्ट इथे संपली असे मंडपातल्या सगळ्यांना वाटते. पण मी म्हटले होते ना, शेवटपर्यंत बसा. पंगती उठल्यावर, सगळे नानाजींच्या पाया पडायला गेलेले असताना, बेबीबाई एकट्याच गाडीपाशी आल्या. चप्पल काढली आणि मधल्या उंचवट्यावर, म्हणजे माझ्या पाठीवर, हात ठेवला.

"अंजने," त्या हळू म्हणाल्या, "तुहंच बोट होतं वो ते. म्या पुसाले लावलं. आन बी खोटी घेतली, ते बी मारुतीची. त्याचं काय ते मी पाहून घेईन. तू राग नोको धरू."

मित्रांनो, मला ते ठाऊकच होते. अंजनाबाई टाळ वाजवत. टाळाची दोरी गुंडाळून गुंडाळून त्यांच्या बोटाला घट्टा पडला होता, आणि दसऱ्याला माझ्या टाळूवर टेकलेल्या बोटाला तो घट्टा होता. बेबीबाईंनी जन्मात टाळ धरला नाही, त्या नुसत्या टाळ्या वाजवतात. रंगरावांपुढे बोलता आले असते तरी मी बोललो नसतो.

आता मी बरा आहे. रंगराव वांग्यांना पाणी देतात. उज्ज्वलाचा फोन आला की हंच्या पुढे चार शब्द बोलतात. दर महिन्याला पत्रा उचलून माझ्या टाळूचे भोक मोकळे आहे ना ते पाहतात. तुमच्या घरीही यंत्र असेल, पंप असेल, गाडी असेल. त्यांची पूजा जरूर करा, पण ते श्वास कुठून घेतात ते आधी विचारा.

आणि एक मागणे आहे. बेबीबाई त्या दिवसापासून मारुतीच्या देवळाची पायरी चढलेल्या नाहीत. शनिवारी येतात, खाली मातीत उभ्या राहून हात जोडतात आणि तशाच परत जातात. कोणी विचारले तर म्हणतात, गुडघे दुखतात. रंगरावांनाही त्या तेच सांगतात, आणि तुम्ही त्यांना भेटलात तर तुम्हीही दुसरे काही सांगू नका. फक्त एवढे करा. तुमच्या गावात मारुती असेलच. कधी त्याची पायरी चढाल तेव्हा क्षणभर थांबा, बेबीबाईंची आठवण काढा आणि एक नमस्कार त्यांच्या वाटचा करा.